दुपारी एक ते पावणेदोन

सिव्हिल लाइन्स, नागपूर

बेटा,
अनेक आशीर्वाद.

सदरमधल्या जुन्या चर्चमध्ये दर बुधवारी भर दुपारी साडेबाराला शास्त्रीय संगीत, तेही विनामूल्य, हा तुझा बेत वाचला. फुकट ठेवलं तर लोकांना किंमत राहील का, ही तुझी धाकधूक. त्याची मला फारशी काळजी नाही. वसंतराव देशपांडे सभागृहातले विनामूल्य महोत्सव कसे भरतात, ते तू पाहिलंच आहेस. मला काळजी आहे घड्याळाची.

तू ज्या शिकागोच्या मैफलींचा दाखला दिलास, त्या १९७७ पासून चालू आहेत. बुधवारी सव्वाबाराला सुरू, एकला संपल्या. किती तरी वर्षं त्या शहराच्या सांस्कृतिक केंद्रात व्हायच्या, अलीकडे डाउनटाउनमधल्या एका चर्चमध्ये गेल्या. जागा बदलली, वार आणि वेळ तीच राहिली. रेडिओवरून त्या थेट प्रसारित होतात, त्यामुळे पाच मिनिटं उशिरा सुरू करायची सोयच नाही. नाव दिलंय मायरा हेस या पियानोवादक बाईंचं. १९३९ च्या ऑक्टोबरात, युद्धामुळे लंडनची सभागृहं बंद पडलेली असताना, या बाईंनी तिथल्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयात दुपारच्या मैफली सुरू केल्या. बॉम्बच्या भीतीनं चित्रं आधीच बाहेर हलवलेली, नुसत्या भिंती उरलेल्या. पहिल्या दिवशी बाई स्वतः वाजवायला बसल्या आणि हजाराच्या आसपास लोक आले. तिकीट एक शिलिंग. सोमवार ते शुक्रवार, साडेसहा वर्षं, १,६९८ मैफली. नामवंतांच्या बरोबरीनं नवख्या पोरांनाही त्यांनी तिथे बसवलं. तू हे शेवटचं उचल. आपल्याकडे विशारद, अलंकार झालेली कितीतरी मुलं परीक्षेच्या टेबलापलीकडे कुणासमोर गायलेलीच नसतात.

आता आपलं गाव. सरकारी कार्यालयांत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, एक ते दोनच्या दरम्यान. म्हणजे तुझा साडेबाराचा मुहूर्त चुकीचा आहे. एकला सुरू कर, पावणेदोनला संपव, आणि त्या पाऊण तासाचे दोन तुकडे कर. एक राग पंचवीस मिनिटं, दुसरं काही पंधरा मिनिटं, मध्ये दार उघडं. ज्याला एक पंचवीसला डबा आठवेल त्याला ओशाळं न होता उठता आलं पाहिजे, आणि दीडला आलेल्याला आत येता आलं पाहिजे. गाणं चालू असताना मात्र दार बंद. तिथे तुझा एक खमका मित्र उभा कर. "काहून बाप्पा, फुकटच तं आहे!" म्हणून आत घुसणाऱ्याला हसत थोपवू शकेल असा.

पाऊण तास म्हणजे पाऊण तास गाणं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या गळी उतरव. आपल्याकडे कार्यक्रमाला सर्वात मोठा धोका कार्यक्रमाचाच असतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, शाल, श्रीफळ, नगरसेवकांचे दोन शब्द. तेवढ्यात तुझा कारकून परत टेबलावर पोचलेला असेल. कलाकाराचं नाव, साथीदारांची नावं, रागाचं नाव, बस. सत्कारमूर्ती नको, राखीव रांग नको, आभारप्रदर्शन तर नकोच.

गाऊ काय नये हे मात्र कलाकाराला आधी सांग, कारण या वेळेची खरी गंमत त्यात आहे. आपल्या मैफली संध्याकाळच्या. त्यामुळे यमन, पूरिया, बागेश्री, दरबारी आपण ऊठसूट ऐकतो, आणि दुपारचे राग बिचारे वर्गात शिकवण्यापुरते उरतात. शुद्ध सारंग, गौड सारंग, वृंदावनी त्यांच्या स्वतःच्या वेळेला, समोर बसून, तू किती वेळा ऐकलेस? वृंदावनीत गंधार आणि धैवत हे स्वरच नाहीत. बाहेर ऊन रखरखत असताना गायक रिषभावर थांबतो, मध्यमाला नुसता हात लावून परत त्याच रिषभावर येतो, आणि त्या मोकळ्या जागेत तंबोऱ्याचा षड्ज ऐकू यायला लागतो. रात्री साडेनऊला एसीत हेच ऐकून तसं होत नाही. (कोणता राग कोणत्या वेळी गावा, हा समयाचा नियम म्हणजे निव्वळ संकेत, असं म्हणणारे भेटतील. त्यांनाही बुधवारी बोलाव.) सारंगाचे प्रकार, भीमपलासी, पटदीप, फार तर मधुवंती, एवढ्यावर तुझा पहिला हंगाम आरामात निघेल. शेवटी कुणी भैरवीचा हट्ट धरला तर धरू दे, तो हक्क आपल्या श्रोत्यांनी कधीच सोडलेला नाही.

हंगाम म्हटलं की आपल्याकडे कूलर आला. होळीनंतर कूलरशिवाय दुपारी कुणी बसणार नाही, आणि कूलर चालू असला तर तंबोरा गेलाच. पंपाची गुरगुर, पंख्याची घरघर, त्यातून गायक आवाज चढवणार, मग माईक चढणार. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा रसिकतेची परीक्षा घेऊ नये. दिवाळीनंतर सुरू कर, होळीच्या आत आटप. त्यातून डिसेंबर वगळ. हिवाळी अधिवेशन असतं, मोर्चे, नाकाबंदी, सीताबर्डीहून सदरला पोचायलाच सुट्टी संपेल, आणि चर्चमध्येही नाताळची लगबग असते. फेब्रुवारीत नाहीतर मार्चच्या सुरुवातीला राखेचा बुधवार येतो, तिथून ईस्टरपर्यंत ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ. तुझा वार नेमका तोच. पाळकांना भेटायला जाशील तेव्हा त्यांनी सांगण्याआधी तूच त्या तारखेचा विषय काढ. तेवढ्यानं निम्मं काम होईल.

उरलेलं निम्मं वेदीपाशी आहे. वेदी म्हणजे रंगमंच नव्हे. तिच्या खालच्या सपाटीवर चौरंगाएवढी ठेंगणी बैठक मांड आणि वेदीवरचं काहीही हलवू नकोस. फुलांची आरास, बॅनर, प्रायोजकाचा फलक यांतलं काहीच नको.

रिकाम्या चर्चमध्ये एकदा जाऊन टाळी वाजवून बघ. उंच छप्पर, दगडी भिंती, आवाज बराच वेळ फिरत राहतो. आलापीला, बासरीला, सरोदला ते वरदान आहे. द्रुत तानांचा मात्र काला होतो आणि तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात. म्हणून आधी माईकशिवाय ऐक, लोक बसल्यावर घुमारा थोडा उतरतोच. तबलजीला मोकळ्या, खुल्या हातानं वाजवणं जरा आवरायला सांग. साडेबाराला तंबोरे जुळलेले हवेत. श्रोत्यांसमोर वीस मिनिटं खुंट्या पिळायला इथे वेळ नाही.

पैशाचं सरळ सांगतो. विनामूल्य आहे ते ऐकणाऱ्याला. "एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य तुझ्या तोंडून मला ऐकू यायला नको. गायक म्हणेल, राहू दे, पोरांसाठी करतोय. त्याचं त्यानं ठरवावं, पण तबला आणि पेटीवाल्याचं पाकीट कार्यक्रम संपताक्षणी त्यांच्या हातात पडलं पाहिजे, आणि तेही दोघांना सारखंच. दाराशी एक दानपेटी ठेव, तिच्याकडे बोट दाखवून घोषणा करू नकोस. हंगामभराच्या मानधनाची सोय झाल्याशिवाय पहिली तारीख जाहीर करू नकोस. बारा बुधवारांची सोय नसेल तर सहाच कर.

जाहिरातीचं तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस. फक्त एक कागद हायकोर्टाच्या बार रूममध्ये आणि एक जीपीओत, म्हणजे मोठ्या पोस्टात, लागू दे. वकील आणि पेन्शनर आले की तुझ्या पुढच्या दोन रांगा भरल्या.

पहिल्या बुधवारी कोण गातंय ते कळव. तबल्याला कोण, तेही लिही. पेटीला कुणी मिळालं नाही तर मला सांग, माझी दुरुस्त होऊन आली आहे.

तुझा,
काका