ब्रेसेस काढल्यावर दात पुन्हा वाकडे होतात का?

हो, रिटेनर (ब्रेसेस काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला घालायचा साचा) नीट वापरला नाही तर होऊ शकतात, आणि दीड-दोन वर्षं सोसल्यावर तसं झालं की फार वाईट वाटतं.

तारेच्या हलक्या, सततच्या दाबाने दाताच्या एका बाजूचं हाड झिजतं, दुसरीकडे नवं भरतं; महिन्याला दात जेमतेम १ मिलीमीटर सरकतो. हाड पुढे काही महिन्यांत घट्ट होतं, पण हिरडीतले ताणलेले तंतू वर्षभरसुद्धा दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात.

एक-दोन दिवस रिटेनर घालायचा राहिला आणि नंतर घालताना दातांवर ताण जाणवला, तर दात हललेत असं समजा. बसतच नसेल तर जोर लावू नका, लगेच ऑर्थोडॉन्टिस्टला (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना) दाखवा. आणि हो, तो गरम पाण्याने धुऊ नका, प्लॅस्टिक वाकतं.