फीत संथ केली तरी हवा जात नाही

आपल्या भाच्याचा दावा आपण दिला आहे तो असा : अमेरिकेच्या अपोलो मोहिमांत माणूस चंद्रावर गेलाच नाही; पृथ्वीवरच्याच स्टुडिओत चित्रण करून फीत सुमारे अडीचपट संथ केली, म्हणजे झाले चंद्रावरचे चालणे. हा आकडा त्याने हवेतून काढलेला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. चंद्रावरचे गुरुत्वत्वरण १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे इथल्या साधारण एक षष्ठांश असल्याने पडण्याचा काळ सहाच्या वर्गमुळाइतका, २.४५ पट वाढतो. दीड मीटरवरून सोडलेली वस्तू इथे ०.५५ सेकंदात, तर तिथे १.३६ सेकंदांत खाली येते.

मात्र हे गणित फक्त पडण्याच्या काळाचे आहे, धुळीचे नव्हे. एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या जॉन यंगने चांद्रगाडी पळवली, त्या चित्रणात चाकांमागची धूळ नीट पाहावी : ती कमानीसारखी वर जाते आणि तशीच खाली येते, मागे ढग राहत नाही. इंदूरला माझ्या गच्चीवर मी मूठभर रांगोळी उधळून पाहिली, तेव्हा जाड कण लगेच पडले, पण बारीक भुकटी बराच वेळ तरंगून शेवटी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेली (त्यावर जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही). हेच चित्रण संथ केले तर भुकटी आणखी जास्त वेळ तरंगताना दिसेल, कारण फितीचा वेग बदलल्याने हवा नाहीशी होत नाही. हवा खरोखरच काढायची, तर गाडी पळवता येईल एवढ्या दालनाच्या छताला दर चौरस मीटरवर बाहेरच्या हवेचा सुमारे १० टनांचा दाब पेलावा लागेल. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने १९७१ मध्ये हातोडा आणि पीस एकदम सोडले आणि ते एकदमच खाली आले, तेही तिथे हवा नसल्यामुळेच.

चंद्रावर रोवलेल्या झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी होती, त्यामुळे तो वाऱ्यावाचून पसरलेला दिसतो. चंद्रावरच्या फोटोंत तारे का दिसत नाहीत, याचे उत्तर रोषणाई केलेल्या राजवाड्याचा रात्री फोटो काढला की मिळते : उजळ वस्तू नीट यावी म्हणून प्रकाश इतका थोडा वेळ आत घेतला जातो की मंद तारे उमटतच नाहीत.

भाच्याने मूठभर रांगोळी उधळून मोबाइलवर चित्रण करावे, ते अडीचपट संथ करावे आणि यंगच्या गाडीशेजारी लावून पाहावे. पापडांचा हंगाम तेवढा टाळावा.