ग्रामसभेत पाण्याचा विषय काढून खरंच काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की गावात चौथ्या दिवशी पाणी येतं, पाणीपट्टी मात्र पूर्ण वर्षाची घेतात, आणि ग्रामसभेत तोंड उघडलं की "आधी थकबाकी भरा, मग बोला" म्हणून खाली बसवतात. मी सोलापूर जिल्ह्यातल्या चौदाशे वस्तीच्या गावात पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते. महिला राखीव जागेवर निवडून आले, पुन्हा उभी राहिले नाही. म्हणजे ओरडणाऱ्यांतही बसलेय आणि ज्यांच्यावर ओरडतात त्यांच्यातही.

तर, होतं. पण जे प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, लिहिलं जातं, त्याचंच होतं.

सदस्य व्हायच्या आधीची गोष्ट सांगते. 26 जानेवारी. झेंडावंदन झालेलं, पोरं जिलेबीच्या पुड्या घेऊन पळालेली, शाळेच्या व्हरांड्यात सभा. मी उठले आणि वरच्या वाडीला पाणी कसं येत नाही यावर चांगली वीस मिनिटं बोलले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच म्हणाले, "ताई, नोंद घेतली." मला वाटलं, जिंकलो. पुढच्या निवडणुकीत सदस्य झाले तेव्हा पहिलं काम काय केलं, तर त्या दिवसाचं प्रोसिडिंग बुक काढून बघितलं. त्यात होतं: "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळच्या विषयांवर चर्चा झाली. अन्य विषय नसल्याने सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले." माझी वीस मिनिटं त्या एका ओळीत पुरलेली. आणि हजेरीच्या पानावर माझीच सही, चांगली वळणदार.

गंमत अशी की हजेरीचं रजिस्टर सभेच्या सुरुवातीलाच फिरतं. आपण सही करून मोकळे होतो आणि ठराव लिहिले जातात मागाहून, कधी कधी दोन दिवसांनी. यात दर वेळी लबाडी असते असं नाही. आमच्या भाऊसाहेबांकडे तीन गावं होती, ते तरी कुठं कुठं बसून लिहिणार! (ग्रामसेवकाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात अजून भाऊसाहेबच.) फक्त रिकामी जागा राहिली की ती कुणाच्या सोयीनं भरली जाते, हे सांगायला नको.

म्हणून पहिली गोष्ट ही की सभेची नोटीस निघायच्या आधीच लेखी अर्ज द्या. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी काढावी लागते, म्हणजे तुमचा अर्ज त्याच्याही आधी पोचला पाहिजे. दोन प्रती न्यायच्या, एक तिथं द्यायची आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का, सही घेऊन परत आणायची. ही पोहोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. अर्जात "सदर विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा" एवढं वाक्य हवंच.

मग सभेत भाषण करू नका. ठराव मांडा. "पाणीपुरवठा सुरळीत करावा" हा ठराव नव्हे, ती प्रार्थना झाली. आमचा ठराव होता तो असा: खालच्या आळीत नळाला थेट लावलेल्या मोटरी पंधरा दिवसांत काढाव्यात, न काढल्यास नळजोड तोडावा, आणि कुठल्या भागाला किती वाजता पाणी सुटणार ते पंचायतीच्या फळ्यावर लिहावं. सूचक एक, अनुमोदक एक, दोघांची नावं तिथंच लिहायला लावली. लिहिलेलं मोठ्यानं वाचून घेतलं आणि पानाचा मोबाईलवर फोटो काढला. फोटो काढताना थोडी कुरबुर झाली. मी म्हटलं, माझ्याच गावाचं प्रोसिडिंग आहे, लग्नाचा अल्बम नाही.

कोरमकडे, म्हणजे सभेला किमान किती माणसं हवीत त्याकडेही लक्ष ठेवा. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तो कोरम. आमच्याकडे हजाराच्या आसपास मतदार, म्हणजे शंभर माणूस लागतं. ते जमत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. मग पंधरा-वीस जणांत सगळं मंजूर. पहिल्या दिवशी कोरम भरला नाही म्हणून घरी जाणारी माणसंच या पंधरा जणांना गाव चालवायला देतात. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, कारण नसताना न घेतल्यास सरपंचाचं पद जाऊ शकतं. त्यामुळे सभा होते. कुणासमोर होते ते आपण बघायचं.

दमदाटीचं म्हणाल तर त्यावर मला एकच उपाय सापडला, आणि तो कायद्यातच आहे. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती रजिस्टरमध्येच होते. शिपाई घरोघर जाऊन सह्या आणतो, बायका पीठ लागलेल्या हातानं सही करतात. मी एका वर्षी ठरवलं की ही सभा खरोखर घ्यायची. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, दुपारी दोनला, भांडी आवरल्यावर. आधी दहाच जणी आल्या. पाण्याचं नाव निघालं तशा आणखी आल्या. आणि तिथं जे कळलं ते ग्रामसभेत वर्षानुवर्षं कुणी बोललं नव्हतं. वरच्या वाडीतली एक आजी म्हणाली, "पाणी टाकीतनं सुटतंय बाई. खालच्या आळीत टिल्लू मोटरी लागल्या की आमच्या नळाला नुसती हवा येती, शीळ वाजती." सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या, कारण त्या मोटरीवाल्या घरच्या दोघी तिथंच बसलेल्या होत्या.

पुरुषांच्या सभेत हे निघत नाही. तिथं भावकी असते, गट असतो, कुणाची मोटर कुणाच्या मतांवर चालते ते सगळ्यांना ठाऊक असतं. सरपंच थेट जनतेतून निवडला जातो, आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं असेल तर पाण्याचा साधा विषयसुद्धा त्या भांडणात जातो. बायकांना हांडा दिसतो. पुढच्या ग्रामसभेला आम्ही तीस-पस्तीस जणी पुढं जाऊन बसलो. कुणी दम दिला नाही. पस्तीस बायकांना, त्यात आपली चुलती-मावशी असताना, कोण दम देणार?

आता तुम्हाला न आवडणारं बोलते. जलजीवन मिशन या घरोघरी नळाच्या सरकारी योजनेच्या हिशोबानं माणशी रोज 55 लिटर धरलं तर आमच्या गावाला दिवसाला 77,000 लिटर पाणी लागतं. टाकी पन्नास हजारांची. म्हणजे रोज दीड वेळा भरली पाहिजे. विहिरीवरच्या मोटरीला थ्री फेज लाईट आठ तास, तीही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मोटर जळाली की रिवाइंडिंग, वर पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, पाणी सोडणाऱ्याचा पगार, वीजबिल. समजा अडीचशे घरं आहेत आणि पाणीपट्टी वर्षाला बाराशे, तर मागणी झाली तीन लाखांची. निम्म्यांनी भरली तर दीड लाख. त्यात हे सगळं कसं बसवणार? मी सदस्य असताना वीजबिलापायी मोटर अकरा दिवस बंद होती, आणि त्या अकरा दिवसांत मला सगळ्यात जास्त शिव्या ज्यांनी घातल्या त्यांची नावं नमुना 9 मध्ये, म्हणजे करमागणीच्या रजिस्टरात, तीन-तीन वर्षांच्या थकबाकीसह होती. तेव्हा तुम्ही भरली असेल तर पावती खिशात ठेवूनच सभेला जा. नसेल भरली तर आधी भरा. "थकबाकी भरा" म्हणणाऱ्याच्या तोंडावर पावती ठेवण्यासारखं सुख नाही. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात कर वेळेवर भरणाऱ्याला दळण फुकट दिलं, त्याचं कौतुक उगाच झालं नाही. आमच्याकडे मात्र वसुली जोरात होते ती निवडणुकीच्या तोंडावर, कारण थकबाकीदाराचं सदस्यपद अडचणीत येतं. एरवी सगळे "बघू".

"पैसेच नाहीत" हे मात्र तसंच ऐकून घेऊ नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता. तो कुठं गेला ते ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर घरबसल्या दिसतं: जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, वर्ष निवडायचं, आराखडा आणि खर्च दोन्ही निघतात. आराखड्यात पाईपलाईन असेल आणि जमिनीत नसेल तर तुमचा पुढचा अर्ज तयारच झाला. माहिती अधिकार त्याच्याही नंतर. दहा रुपयांचं तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांत, तीस दिवसांची मुदत. पण गावात माहिती अधिकाराचा अर्ज म्हणजे बोलणं बंद व्हायची सुरुवात, म्हणून मी तो शेवटी ठेवते. तक्रार वर न्यायचीच झाली तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे, सोबत पोहोच आणि ठरावाचा फोटो. आमचं काम त्या फोटोनंच पुढं सरकलं.

मोटरी निघायला पंधरा दिवसांऐवजी चार महिने लागले. दोन नळजोड खरंच तोडले, त्यातला एक माझ्या चुलत दिराचा. आता वरच्या वाडीला एक दिवसाआड चाळीस मिनिटं पाणी येतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. फळ्यावर वेळा लिहिलेल्या असतात, कधी कधी पावसानं पुसलेल्या. खालच्या आळीतल्या एक काकू अजून माझ्याकडे हळदीकुंकवाला येत नाहीत.