गाडी नसेल तर पुण्यात कोथरूडमध्ये भाड्याचं घर नेमकं कुठे बघावं?

ऑफिस कल्याणीनगरला, सोबत सत्तरीतले आई-वडील आणि स्वतःची गाडी नाही, अशा घराला कोथरूड कसं, असं तुम्ही विचारलंय. चांगलंच आहे. पण एजंट कोथरूड म्हणून जे जे दाखवतील ते सगळं तुमच्या सोयीचं नाही. पौड रोडपासून चालत जाता येईल एवढ्याच पट्ट्यात बघा.

कारण मेट्रो. वनाज-रामवाडी मार्ग पौड रोडवरून येतो आणि पुढे नळ स्टॉपकडे कर्वे रोडला लागतो. कोथरूडच्या वाट्याला त्यातली वनाज, आनंदनगर आणि आयडियल कॉलनी ही स्टेशनं आली. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा ती गरवारे कॉलेजपर्यंतच जायची. मार्च २०२४ पासून थेट रामवाडीला जाते आणि कल्याणीनगर त्याच्या अलीकडचं स्टेशन आहे. म्हणजे मध्ये कुठेही न बदलता अर्ध्या-पाऊण तासात ऑफिस. पुणे रेल्वे स्टेशनही याच मार्गावर आहे, स्वारगेटसाठी मात्र सिव्हिल कोर्टला बदलावं लागतं.

डहाणूकर कॉलनी किंवा महात्मा सोसायटीकडचा भाग राहायला छान, मलाही आवडतो. पण तिथून स्टेशनला जायला रोज रिक्षा नाहीतर पीएमपीची बस धरावी लागेल आणि मेट्रोने वाचवलेला वेळ तिथेच जाईल. भुसारी कॉलनी, चांदणी चौकाकडचे फ्लॅट दाखवताना 'इथेही मेट्रो येतेय' असं सांगतील. ते खरं आहे, वनाज ते चांदणी चौक या विस्ताराला केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. तरी मंजुरीच्या भरवशावर आजचं भाडं वाढवून देऊ नका. ऑफिस हिंजवडीला असतं तर मी उलट तोच भाग सुचवला असता.

आयडियल कॉलनी, मयूर कॉलनी, आनंदनगर इथे भाजी, किराणा, औषधं, पोळी-भाजी केंद्र, बँक सगळं पायी होतं. आई-वडिलांना फिरायला थोरात उद्यान आहे, गुडघे साथ देत असतील तर म्हातोबा टेकडी. नाटकाची आवड असेल तर यशवंतराव चव्हाण नाट्यगृह रिक्षाने जवळ. मोठं हॉस्पिटल लागलं तर एरंडवण्यात दीनानाथ मंगेशकर आहे.

ज्येष्ठांना खरा त्रास होतो तो पौड रोड ओलांडताना. वाहनं थांबत नाहीत. म्हणून घर बघायला जाल तेव्हा आई-वडिलांना सोबत न्या आणि घरापासून स्टेशनपर्यंत त्यांच्या चालीने चालून बघा. फुटपाथ सलग आहे का, स्टेशनचा घराच्या बाजूचा जिना आणि लिफ्ट चालू आहे का, हे तिथे उभं राहूनच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या भागात तीन-चार मजली जुन्या सोसायट्या पुष्कळ आहेत, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. शिवाय रीडेव्हलपमेंट जोरात आहे. घरमालकाने अकरा महिन्यांचा करार करून दिला तरी सोसायटीत बिल्डरशी बोलणी कुठवर आलीत हे सेक्रेटरीला आधी भेटून विचारा. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका आजी-आजोबांना ऐन पावसाळ्यात बिऱ्हाड हलवावं लागलं, फार हाल झाले त्यांचे. शेजारच्या प्लॉटवर पाडापाडी होणार असेल तर तेही विचारा. धूळ आणि आवाज दोन-दोन वर्षं चालतो, आणि दिवसभर घरी असतात ती वयस्क माणसंच.

पाण्याचंही तिथेच विचारून घ्या. दुरुस्तीसाठी महापालिका बहुतेक वेळा गुरुवारी पाणी बंद ठेवते, शुक्रवारी सकाळी ते कमी दाबाने येतं. टाकी किती मोठी आहे आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, लागला तर पैसे मेंटेनन्समधून जातात की भाडेकरूकडून वेगळे घेतात, हे करारात लिहून घ्या.