पीव्हीसी आणि एचडीपीई पाईप एकाच मशीनवर निघतात का?

तुम्ही विचारलंय की शेतीच्या पाईपचा छोटा प्लांट टाकायचाय, एकाच मशीनवर पीव्हीसी आणि एचडीपीई दोन्ही काढता येतील का. मी जळगाव एमआयडीसीत एक्स्ट्रुडरवरच (प्लास्टिक वितळवून पाईप काढायचं मशीन) असतो, म्हणून सरळ सांगतो, त्या नादाला लागू नका. मशीन विकणारा हो म्हणाला तर त्याच्याकडून लेखी घ्या, बघा देतो का.

एचडीपीईचा दाणा येतो, तो सिंगल स्क्रूवर (माल पुढे ढकलणारा एकच फिरता स्क्रू) २०० डिग्रीच्या आसपास आरामात चालतो. पीव्हीसी असते पावडर, त्यात स्टॅबिलायझर (माल जळू नये म्हणून), वॅक्स, कॅल्शियम (भर म्हणून घालायची स्वस्त पावडर) टाकून आधी मिक्सरला गरम करायची, मग कूलरमध्ये गार करायची आणि मग मशीनला द्यायची, आणि तिला डबल स्क्रूच पाहिजे कारण पावडर नीट ओढली पण गेली पाहिजे आणि घासून जास्त तापली पण नाही पाहिजे. तापली की जळते, पाईपावर तपकिरी रेघ येते आणि नाकाला झोंबणारा ॲसिडचा वास सुटतो. त्यात चालू मशीनवर लाईट गेली तर विचारूच नका, बॅरलमधला (स्क्रू ज्यात फिरतो ती गरम नळी) माल जागेवर करपतो, मग डाय (पाईपाला आकार देणारा साचा) खोलून पितळी पट्टीने खरवडत बसा (लोखंडी घेतली तर डायला ओरखडे पडतात आणि तेच ओरखडे पुढे पाईपावर दिसतात). त्यामुळे जनरेटर आधीच बजेटमध्ये धरा.

डायच्या पुढे व्हॅक्यूम टँक (गरम पाईप गोल ठेवून गार करतो), ट्रॅक्शन (पाईप पुढे ओढतं), कटर. ट्रॅक्शनचा स्पीड थोडा वाढवला की पाईप पातळ होतो, म्हणून आमच्याकडे नग काट्यावर टाकून वजन बघतात. बाजारात स्वस्त पाईप मिळतात त्यातले बरेच इथेच मार खातात, जाडी कमी नाहीतर कॅल्शियम जास्त, आणि असा पाईप टिकावाच्या एका घावात फुटतो.

आता विहिरीपासून शेतापर्यंत गाडायच्या लाईनला लोक पीव्हीसी घेतात, ४ केजी नाहीतर ६ केजी (म्हणजे पाईप दर चौरस सेंटिमीटरला किती किलो दाब सोसतो ते). तुषार सिंचनाचे पाईप उन्हात पडून असतात, खांद्यावर उचलून इकडून तिकडे न्यावे लागतात, तिथे काळा एचडीपीईच, त्यातला कार्बन ब्लॅक उन्हापासून वाचवतो. ठिबकची नळी मात्र वेगळीच लाईन आहे, ती यात धरू नका. अनुदानाचा माल विकायचा असेल तर आयएसआय मार्क लागेल, म्हणजे टेस्टिंगची लॅब पण आली.

तुमच्या भागात विहिरी-पाईपलाईन जास्त असतील तर पीव्हीसीने सुरू करा. प्रत्येक साईजला वेगळी डाय लागते, त्यामुळे सुरुवातीला ६३ आणि ७५ एमएम बस झालं, ९० नंतर बघू.