ऑस्बोर्नला फ्रिगेट बांधायला यायचं म्हणताय, तर

तुम्ही लिहिलंय की देवगडकडचे आहात, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये युद्धनौकांच्या पाइपिंगवर काम करता; आणि विचारलंय की ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडजवळ ऑस्बोर्नला फ्रिगेट जातीच्या युद्धनौका बांधतायत, तिथे बायको-मुलीसह यावं का. मी राजापूर तालुक्यातला. माझगावातच कोलकाता वर्गाच्या डिस्ट्रॉयर युद्धनौकेवर काम करून इकडे आलो, म्हणून लिहायला बसलो. व्हिसाचे वर्ग, पॉइंट, पगार हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडतो.

इथे उतरलं आणि जहाजावर चढलं असं होत नाही. इथल्या नौदलाच्या हंटर वर्गातल्या पहिल्या फ्रिगेटची प्लेट 2024 च्या जूनमध्ये कापली, म्हणजे बांधणी सुरू झाली, माणसं हवी आहेत, सगळं खरं. पण अशा कामाला सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारने माणूस तपासून दिलेली परवानगी, लागतो आणि तो सहसा ऑस्ट्रेलियन नागरिकालाच मिळतो. आपला आपण अर्जही करता येत नाही, कंपनीने नाव पुढे करावं लागतं. नागरिकत्वाला किमान 4 वर्षं इथलं कायदेशीर वास्तव्य हवं, त्यातलं शेवटचं वर्ष परमनंट रेसिडेंट म्हणून. तोवर मी खाणीतल्या कन्व्हेयरचे सांगाडे जोडले. डिस्ट्रॉयरच्या इंजिनरूममध्ये बोटभर जागेतून लाइन काढणारा माणूस!

मग तो फॉर्म. क्लिअरन्सच्या वरच्या पायरीला मागची 10 वर्षं कुठे राहिलात त्याचा हिशेब द्यावा लागतो. घर नंबर, रस्त्याचं नाव. आमचा पत्ता म्हणजे वाडी, मुक्काम, पोस्ट, तालुका. रस्त्याच्या रकान्यात काय लिहू, बावीवरून वर या? घर नंबर सापडला तो ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर, आणि उतारा गावी, काकांच्या ट्रंकेत. आईचं नाव माझ्या जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं. ही कागदपत्रं तिथे असतानाच सरळ करून घ्या; इथून एका सहीसाठी चुलतभावाला तालुक्याला पाठवणं किती जिवावर येतं ते सांगत नाही.

काम मात्र तुमच्या हाताला शोभेल असं आहे. नवं जहाज ब्लॉक-ब्लॉकने उभं राहतं, पाइप-केबल ब्लॉक जोडायच्या आधीच बऱ्याचशा बसतात. खरा कस जुन्या जहाजाच्या रिफिटमध्ये, म्हणजे त्यात नवी यंत्रं बसवताना, लागतो. नवं रडार डोलकाठीवर चढवलं की गुरुत्वमध्य वर सरकतो, मग खाली वजन टाका किंवा वरचं काहीतरी काढा. रडारला वीज जास्त, थंड पाणी जास्त, आणि केबल न्यायला बल्कहेडमध्ये, म्हणजे जहाजातल्या आडभिंतीत, नवी भोकं, ती परत पाणी-आग अडवणारी करायची. शेवटी गुरुत्वमध्य कुठे आला ते कळायला डेकवर वजनं इकडून तिकडे सरकवून जहाज किती कलतं ते मोजायचं. हे अंगात असलेला माणूस कुठेही चालतो. अर्जात नुसतं ‘पाइपिंग’ लिहू नका, रिफिटचं काम वेगळं सांगा.

मुलीचं विचारलंत. आम्ही जूनमध्ये आलो, इथलं शाळेचं वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होतं. माझा मुलगा सातवीत जायचा, त्याला परत सहावीत बसवला आणि वर इंग्रजी कच्चं असलेल्यांच्या तासाला घातला. इंग्रजी माध्यमातला पोरगा, नुसता लाजून गप्प होता. बाई इतक्या गोड बोलायच्या की भांडताही येईना. तो ते केव्हाच विसरून गेला. मला अजून आठवलं की जेवण जात नाही.

एकटेपणा येतो. कामाला लागलं की जातो. पुढे.

नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जातो, आपल्याकडे दुहेरी चालत नाही. मी सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे पासपोर्ट परत केल्याचा दाखला, फाइलला लावलं आणि कामावर गेलो. मग 2025 च्या 15 जानेवारीला मुंबईत माझगावात बांधलेल्या ‘सुरत’ आणि ‘निलगिरी’ या युद्धनौका आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडी एकाच दिवशी भारतीय नौदलात दाखल झाल्या. ते फोनवर बघताना शेजारच्या टेबलावरच्या पोराने विचारलं, तुमची जहाजं का? मी हो म्हणालो. मग दिवसभर वाटत राहिलं, कुठल्या हक्काने म्हणालो. याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून तुम्हाला ‘या’ किंवा ‘नका येऊ’ सांगवत नाही.

एक नक्की सांगतो. परदेशात राहायला गेलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पासपोर्ट भारतीय असला तरी. वारसाने येईल तेवढीच. आमच्या सामाईक कलमांतला काकांचा हिस्सा विकायला निघाला तेव्हा पैसे माझ्याकडे होते, आणि तो घेतला पुण्याच्या कुणी माणसाने. हापूसची झाडं आजोबांनी लावलेली. तुमच्या सातबाऱ्यावर अशी काही वाटणी लोंबकळत असेल, तर तिकीट काढायच्या आधी भावकीला एकत्र बसवा.