ताई, फरशी बसल्याशिवाय माप देऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. जुळे सोलापुरातलं घर, हॉल आणि मागच्या अंगणामधली भिंत काढून १२ बाय ७ फुटांचं काचेचं फोल्डिंग (घडी होणारं) दार, फरशीचं काम पुढच्या महिन्यात, आणि दुकानदार म्हणतोय आत्ता ऑर्डर द्या, जुन्या भावात बसवतो. चार वर्षांपूर्वी माझं अगदी हेच चाललं होतं.

चौकट अॅल्युमिनियमची की यूपीव्हीसीची (म्हणजे कडक प्लास्टिकची) वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही.

आमची वास्तुशांत अक्षय तृतीयेला ठरलेली. त्या घाईत मार्चमध्येच माप दिलं. खाली नुसता कोबा. माप घ्यायला आलेल्या पोरानं विचारलं, "फरशीचे किती धरू?" मी म्हटलं, धर दोन इंच. त्यानं ड्रॉइंगवर लिहिलं, मी खाली सही ठोकली. पुढे गवंड्यानं दोरी लावली तर कोबा अंगणाकडे उतरता निघाला. लेव्हल काढता काढता दाराच्या तोंडाशी मसाला आणि फरशी मिळून साडेतीन इंच झाले. दार आलं, चौकट उभी करायला गेले तर वर बीमला अडकली. दीड इंच जास्त! अॅल्युमिनियम कापता येतं हो, पण टफन काच (भट्टीत तापवून कडक केलेली) एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, हात लावला की चुरा. पाचही काचा बाद.

दुकानाचं नाव घेत नाही. त्यांचं एकच पालुपद, "साहेब, सही तुमचीये." सही माझी होती, मान्य. पण फरशी नसताना टफन काच भट्टीत घालू नये हे त्यांना कळत नव्हतं काय? नव्या काचांचे पैसे आगाऊ घेतले, आणि मग दर सोमवारी नवी तारीख. वास्तुशांत त्या भगदाडासकट झाली. अर्ध्यात प्लायवुड, अर्ध्यात दोन चादरी जोडून टांगलेल्या, दुपारी त्यावर पाणी मारायचं. मे संपेपर्यंत रात्री मी तिथंच आडवी कॉट टाकून झोपत होतो. असो.

आता तुमचा प्रश्न, घ्यावं की नाही. मी इंजिनिअर नाही, स्वतःच्या घरापुरतं सांगतो. अंगण पश्चिमेला असेल आणि वर चांगला तीन-चार फुटी छज्जा नसेल तर सरळ नको म्हणा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, दुपारी तीननंतर ती काच म्हणजे तवा. उत्तर-पूर्व असेल तर विचार करा.

दार वरून टांगणारं असेल तर सगळं वजन बीमवर येतं. सहा मिमी काच चौरस मीटरला १५ किलो भरते. तुमच्या मापात फ्रेम वगळून नुसती काचच शंभर किलोच्या आसपास जाईल. भिंत काढून नवा बीम टाकणार असाल तर तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, दुकानदाराला नाही. बीम दोन सूत, म्हणजे पाव इंच, जरी लवला तरी दार घासायला लागतं.

ग्रील लावणार ना? मग दार आत उघडणारं घ्यावं लागेल, आणि घडी झालेले पल्ले हॉलमध्ये अडीच फूट पुढे येतात. सोफा कुठे ठेवणार ते आधी खडूनं जमिनीवर आखून बघा. आमच्या मिसेसनी हे सुचवलं होतं, मी हसलो होतो. पल्ले पाच घ्या, म्हणजे एक रोजच्या येण्याजाण्याला साध्या दारासारखा वापरता येतो.

खरं सांगू? आम्ही ते दार पूर्ण उघडतो वर्षातून पाच-सहा वेळा, पाहुणे आले की. बाकी दिवस एकच पल्ला. धुळीनं खालचा ट्रॅक भरतो, तो मी दर रविवारी जुन्या टूथब्रशनं काढतो. डासांसाठी घडीची जाळी वेगळी घ्यावी लागली, तिचा खर्च कोटेशनमध्ये नव्हताच. आज परत घर बांधलं तर तीन ट्रॅकचं स्लायडिंग घेईन, जाळीसकट. आमच्या मुलाचं मत उलट आहे, त्याला हेच आवडतं.

तरी घ्यायचंच ठरलं तर जुन्या भावाच्या नादी लागू नका. फरशी, गिलावा सगळं आटपल्यावर रुंदी-उंची तीन-तीन ठिकाणी मोजून घ्या, दोन्ही कर्ण मोजा, मगच सही. आणि अंगण कुठल्या दिशेला आहे ते लिहा, मग पुढचं बोलू.